कूलरच्या खोलीत गेमिंगसाठी हेडफोन

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी, असेंबल केलेला कॉम्प्युटर, रोज रात्री व्हॅलोरंट आणि अधूनमधून काउंटर-स्ट्राइक २, दोन्ही टीमने खेळायचे गोळीबाराचे ऑनलाइन गेम. बजेट २,५०० रुपये. डोळ्यांना चष्मा. सध्या ब्लूटूथचे बड्स वापरतो. गेममधल्या शत्रूची पावलं ऐकू येतात, पण कुठून ते कळत नाही, आणि टीममधली मुलं म्हणतात, "तुझ्यापेक्षा तुझा कूलरच जास्त बोलतो." बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, त्याला २,२०० रुपयांचा, रंगीत दिव्यांचा, ७.१ सराउंडचा (चहूबाजूंनी आवाज येत असल्याचा भास देणारा) यूएसबी हेडसेट दाखवला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, गेमिंगला हाच लागतो." घ्यावा का?

माझं उत्तर आधी देतो: तो घेऊ नका. त्याच पैशात किंवा थोड्या कमी पैशात वायरचा, साधा स्टीरिओ, बंद कपांचा, बूम माइकवाला (दांडीवरून तोंडाजवळ येणारा माइक) ३.५ मिलिमीटर जॅकचा हेडसेट घ्या. कारणं सांगतो, कारण तुमच्याकडे परिस्थिती थोडी वेगळी असेल तर उत्तरही बदलेल, आणि कुठे बदलेल ते कारणांवरूनच कळेल.

आधी बड्सचा हिशेब. ब्लूटूथला दोन दुखणी आहेत. पहिलं म्हणजे उशीर. साध्या कोडेकवर (आवाज आवळून पाठवायच्या पद्धतीवर) आवाज कानापर्यंत यायला १५० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. सिनेमात प्लेअर चित्र तेवढं मागे ओढून जमवून घेतो, गेमला ते करता येत नाही. दुसरं दुखणं जास्त त्रासदायक, आणि बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बड्सचा माइक चालू झाला की बहुतेक बड्स संगीताचा मोड सोडून फोन-कॉलच्या मोडमध्ये जातात. त्या मोडमध्ये आवाज मोनो होतो. दोन्ही कानांत एकच आवाज गेल्यावर डावं-उजवं कळणार तरी कशावरून? तुम्हाला दिशा कळत नाही याचं सगळ्यात मोठं कारण बहुधा हेच आहे. तपासायला फुकटात होतं: गेममध्ये आणि डिस्कॉर्डमध्ये (खेळताना टीमशी बोलायचं अ‍ॅप) माइक म्हणून बड्सऐवजी दुसरं काहीही निवडा, किंवा व्हॉइस चॅट पूर्ण बंद करून दोन मॅच खेळा. आवाज एकदम भरदार झाला आणि दिशा कळू लागली, तर रोग सापडला. फोनची वायरवाली साधी इअरफोन घरात पडली असेल तर ती लावून बघा. ७.१ च्या खोक्यापेक्षा त्या जुन्या इअरफोनने दिशा जास्त चांगली कळेल.

आता ७.१ बद्दल. आपल्याला कान दोनच आहेत, आणि दिशा ओळखायला मेंदू तीन गोष्टी वापरतो: एका कानाला आवाज किती आधी पोहोचला (हा फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाएवढा), कोणत्या कानाला जोरात पोहोचला, आणि कानाच्या पाळीवर आपटून त्याचा पोत कसा बदलला. डावं-उजवं पहिल्या दोन गोष्टींवरून कळतं. पुढे की मागे, वर की खाली, हे तिसरीवरून. हेडफोनमध्ये पाळीचा भाग गणिताने तयार करावा लागतो, त्याला एचआरटीएफ म्हणतात. हे गणित गेमने स्वतः केलेलं सगळ्यात चांगलं, कारण शत्रू नेमका कुठे उभा आहे हे गेमला माहीत असतं. या किमतीतल्या '७.१' हेडसेटमध्ये प्रत्येक कानात एकच स्पीकर असतो आणि बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं. त्या सॉफ्टवेअरला शत्रूचा पत्ता माहीत नसतो, ते आलेल्या आवाजात थोडा प्रतिध्वनी मिसळून 'मोठी खोली' असल्याचा भास तयार करतं. गेममधलं एचआरटीएफ चालू आणि वरून हेडसेटचं ७.१ पण चालू, असं केलं की एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि दिशा शेणाचा गोळा भिंतीवर मारल्यासारखी पसरते.

म्हणून कोणताही हेडसेट असो, सेटिंग असं ठेवा. व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर कॉन्फिगरेशन स्टीरिओ आणि एचआरटीएफ चालू. विंडोजमध्ये स्पेशियल साउंड बंद, म्हणजे विंडोज सॉनिकही नको आणि डॉल्बीचं विकतचं अ‍ॅपही नको. हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधलं सराउंड बंद. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ऑडिओच्या पानावर ईक्यू प्रोफाइल (कोणते आवाज पुढे, कोणते मागे, याचा तयार साचा) 'क्रिस्प' करून बघा, त्यात पावलांचा पट्टा थोडा पुढे येतो. नाही रुचलं तर 'नॅचरल'. ज्या गेममध्ये स्वतःचं एचआरटीएफ नाही, तिथे विंडोज सॉनिक चालवायला हरकत नाही. ते फुकट आहे.

हेडफोनमध्ये ऐकायला काय हवं? बेस कमी. खोक्यावर 'डीप बेस' लिहिलेलं पाहिलं की मी तो सेट बाजूला ठेवतो. खालचा जोराचा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो, हा कानाचाच स्वभाव आहे. पावलं, रीलोडचा खटका, दाराची कुरकुर, याचा ओळखू येणारा भाग साधारण काहीशे हर्ट्झपासून ४,००० हर्ट्झपर्यंत असतो. ग्रेनेड फुटल्यावर बेसवाल्या हेडसेटमध्ये पुढचा क्षणभर दुसरं काही ऐकू येत नाही ते यामुळे. आधीच असा सेट असेल तर फेकू नका. इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, १५० हर्ट्झच्या खाली ४ ते ६ डेसिबल कमी करा, २,००० ते ४,००० मध्ये २ ते ३ डेसिबल वाढवा. जितकं वाढवलं तितकंच प्रीअ‍ॅम्प, म्हणजे एकूण पातळी, खाली आणा, नाहीतर आवाज फाटतो. विंडोजचं 'लाउडनेस इक्वलायझेशन' बरेच जण सुचवतात. त्याने पावलं मोठी होतात हे खरं, पण लांबची आणि जवळची सारखीच मोठी होतात, मग शत्रू दाराआड आहे की गल्लीच्या टोकाला ते कळत नाही. मी ते बंदच ठेवायला सांगतो.

ड्रायव्हर, म्हणजे कपातला स्पीकर, ४० मिलिमीटरचा की ५० चा, यावर डोकं घालवू नका. इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) मात्र बघा: १६ ते ३२ ओहमचा कोणताही हेडसेट मदरबोर्डच्या जॅकवर नीट चालतो. सेकंड-हँडमध्ये २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन स्वस्तात मिळाला म्हणून उडी मारू नका, मदरबोर्डवर तो पुरेसा वाजणार नाही. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स २० ते २०,००० हे सगळ्याच खोक्यांवर छापलेलं असतं. त्याला काही अर्थ नाही.

आता कूलर. नागपुरात मार्चअखेरपासून पाऊस पडेपर्यंत ही गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा मोठी आहे, आणि परदेशी रिव्ह्यूंमध्ये तिचा उल्लेखही सापडणार नाही. खिडकीतला मोठा कूलर पूर्ण स्पीडवर असला की खोलीत एक सलग घरघर असते. तिचा बराचसा जोर खालच्या पट्ट्यात असतो, म्हणजे वर सांगितलं तसं पावलांना झाकायला अगदी योग्य. त्यामुळे उघड्या किंवा अर्ध्या उघड्या कपांचे हेडफोन, 'साउंडस्टेज मोठा', म्हणजे आवाज मोकळ्या जागेतून आल्यासारखा वाटतो, म्हणून ज्यांची स्तुती होते ते, तुमच्या खोलीत निरुपयोगी. एसीच्या शांत खोलीत मी तेच सुचवले असते.

बंद कपांतही फरक असतो. कपाची गादी कानाभोवती सगळीकडून टेकली तरच बाहेरचा आवाज अडतो. चष्म्याची काडी गादीखाली आली की तिथे फट पडते. फटीतून बेस बाहेर जातो आणि कूलर आत येतो. म्हणून चष्मेवाल्यांनी गादी जाड आणि मऊ घ्यावी, आणि पकड फार घट्ट नसावी. दुकानात चष्मा लावूनच सेट घाला आणि निदान दहा मिनिटं काढू नका. पहिल्या मिनिटाला सगळेच सेट बरे वाटतात. काडी कानामागे टोचायला सातवं-आठवं मिनिट लागतं. वजन ३०० ग्रॅमच्या आत असलेलं बरं. कपाच्या आत कान पूर्ण मावला पाहिजे आणि आतल्या कापडाला घासता कामा नये. घासला, तर अर्ध्या तासात कान लाल होतो.

कानांना घाम येणारच. रेक्झिनची गादी आवाज चांगला अडवते, पण कूलरची दमट हवा आणि घाम मिळून तिचं वरचं आवरण सोलून टाकतात. दोन उन्हाळ्यांत काळे पापुद्रे मानेवर पडायला लागतात. कापडी जाळीची गादी थंड असते आणि टिकते, पण आवाज कमी अडवते. तुमच्या खोलीत मी रेक्झिनच घ्यायला सांगेन आणि गाद्या बदलता येतात ना, तेवढं बघा. सुट्या गाद्यांची जोडी दोन-तीनशे रुपयांत मिळते. खेळून झालं की सेट कूलरसमोर टांगू नका, कोरड्या कापडाने पुसून भिंतीच्या खुंटीला लावा.

इथे एक दुसरी वाट निघते, आणि ती मी प्रामाणिकपणे सांगायला हवी. कानात बसणारे वायरचे इन-इअर, रबरी टिप नीट बसली तर, बाहेरचा आवाज साधारण २० डेसिबलच्या आसपास अडवतात. चष्म्याची अडचण नाही, घाम नाही, वजन नाही. १,००० रुपयांच्या आसपास केझेड किंवा मूनड्रॉपसारख्या चिनी कंपन्यांचे इन-इअर दिशा दाखवण्यात अडीच हजारांच्या बहुतेक हेडसेटना मागे टाकतात. मग तेच का नाही? माइकमुळे. ऐकायला ते सरस आहेत, बोलायला नाहीत.

माइकचं गणित अंतराचं आहे. हेडसेटचा बूम माइक ओठांच्या कोपऱ्यापासून ३ सेंटिमीटरवर येतो. शर्टाच्या कॉलरला लावायचा माइक १८ सेंटिमीटरवर राहतो. अंतर सहापट झालं की तुमचा आवाज सुमारे १५ डेसिबलने पडतो, कूलरचा मात्र तेवढाच राहतो, कारण कूलर दोघांपासून सारखाच लांब आहे. शिवाय बॉयाच्या बीवाय-एम१ सारखे कॉलर माइक चारही दिशांनी सारखंच ऐकतात. शांत खोलीत ते उत्तम. तुमच्या खोलीत टीमला पुन्हा कूलरच ऐकू येईल. इन-इअरच्या वायरीवरचा छोटा माइकही छातीपाशी लोंबतो, त्याची गत तीच.

म्हणून टीममध्ये रोज बोलत असाल तर बूम माइकवाला बंद हेडसेट. एकटे खेळत असाल, किंवा बोलण्यापेक्षा ऐकणंच जास्त असेल आणि चष्मा टोचतच असेल, तर इन-इअर घ्या आणि उरलेले पैसे खिशात ठेवा. बूम माइक जोडलेले इन-इअरही मिळतात. हाती लागले तर दोन्ही कामं होतात, फक्त माइक दुकानातच रेकॉर्ड करून ऐका.

माइक 'कार्डिओइड' असेल तर तो तोंडाकडचं ऐकतो आणि पाठीमागचं कमी ऐकतो. खोक्यावर बऱ्याचदा 'नॉइज कॅन्सलिंग माइक' एवढंच लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवण्याऐवजी हे करा: रेकॉर्डिंग चालू करा, माइक तोंडाजवळ ठेवून दहापर्यंत मोजा, मग माइकची पाठ तोंडाकडे वळवून त्याच अंतरावरून पुन्हा मोजा. दोन्ही सारखंच ऐकू आलं तर तो सगळीकडून ऐकणारा माइक आहे.

बूम बहुतेक सेटमध्ये डाव्या कपाला असतो. म्हणजे माइकचं तोंड तुमच्या गालाकडे आणि पाठ डावीकडे बाहेर. कूलर डाव्या हाताला येईल असं टेबल फिरवलं तर तो माइकच्या पाठीत पडतो. उलट, उजवीकडून येणारा आवाज सरळ माइकच्या तोंडात जातो. कूलरच्या पट्ट्या वर करा, वारा माइकवर थेट येऊ देऊ नका. थेट वाऱ्याचा जो भस्स आवाज होतो तो कोणतंही सॉफ्टवेअर नीट काढू शकत नाही. माइकवर स्पंजची टोपी असू द्या, हरवली तर वीस-तीस रुपयांना मिळते. माइक ओठांच्या समोर नको, कोपऱ्याला दोन बोटं सोडून हवा, म्हणजे श्वासाचे फटके बसत नाहीत.

विंडोजमध्ये माइकचा लेव्हल ७० ते ८०, आणि 'मायक्रोफोन बूस्ट' शून्य किंवा फार तर १० डेसिबल. लोक बूस्ट ३० वर नेतात आणि मग कूलर ऐकू येतो म्हणून माइकला शिव्या देतात. डिस्कॉर्डमधलं क्रिस्प (Krisp) कंपनीचं नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट काढून टाकणारी सोय, चालू करा. पण ते फक्त डिस्कॉर्डच्या बोलण्याला लागतं, गेमच्या आतल्या व्हॉइस चॅटला नाही. एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड असेल तर एनव्हिडिया ब्रॉडकास्ट घ्या. ते स्वतःचा एक वेगळा माइक तयार करतं, तो गेममध्येही निवडता येतो.

३.५ मिलिमीटर का, यूएसबी का नाही? यूएसबी हेडसेटमध्ये साउंड कार्ड आतच असतं. ते चांगलं असेल तर उत्तमच, पण या किमतीत ते कसं आहे हे बाहेरून कळत नाही, आणि बिघडलं की अख्खा सेट गेला. साध्या जॅकचा सेट मोबाइललाही चालतो आणि दुरुस्त होतो. दुरुस्तीला येणाऱ्या हेडसेटमध्ये बहुतेक वेळा वायर जॅकच्या गळ्याशी किंवा कपात शिरते तिथे तुटलेली असते. जॅक बदलायला पन्नास-शंभर रुपये पुरतात. वायर सुटी होणारी असेल तर तेवढंही नको.

जॅक घेतल्यावर एक फसगत ठरलेली. हेडसेटचा जॅक तीन काळ्या पट्ट्यांचा, म्हणजे चार भागांचा असतो: टोकाला डावा, मग उजवा, मग ग्राउंड, शेवटी माइक. तुमच्या कॉम्प्युटरला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतील. हेडसेट नुसता हिरव्यात घातला तर ऐकू येईल, माइक चालणार नाही. मध्ये स्प्लिटर लागतो, बऱ्याच खोक्यांत तो असतो. विकत घेताना सांगा, "एक भोक, दोन जॅक, हेडफोन आणि माइकचा." नुसतं "स्प्लिटर द्या" म्हटलं तर दोघांनी एकच गाणं ऐकायचा, एक जॅक आणि दोन भोकांचा स्प्लिटर हातात पडतो. तो इथे काही कामाचा नाही.

लावल्यावर बारीक 'चर्र' किंवा माउस हलवला की आवाज येत असेल तर आधी पुढच्या जॅकऐवजी मागचा, मदरबोर्डवरचा जॅक वापरा. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर ग्राफिक्स कार्डाजवळून जाते आणि तिथला गोंगाट उचलते. तरीही ५० हर्ट्झची गुणगुण राहिली, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष हेडसेटचा नाही, अर्थिंगचा आहे. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. घरमालकाला सांगून इलेक्ट्रिशियनकडून ते आधी करून घ्या. त्याच खोलीत पाण्याचा कूलर चालतो आहे, त्यामुळे हे काम हेडफोनच्याही आधीचं आहे.

वायर नकोच असेल तर ब्लूटूथ नाही, २.४ गिगाहर्ट्झचा डोंगलवाला (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर असलेला) सेट बघा. त्याचा उशीर गेममध्ये जाणवत नाही. पण २,५०० मध्ये वायरलेस घेतलं की बॅटरी आणि रेडिओचे पैसे आवाज आणि माइकमधूनच कापलेले असतात. घेतलाच तर डोंगल मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात खुपसू नका, तो पोर्ट त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. छोट्या एक्स्टेंशनने डोंगल टेबलावर आणा.

नावं विचाराल म्हणून: हायपरएक्सचा क्लाउड स्टिंगर २, रेझरचा ब्लॅकशार्क व्ही२ एक्स आणि लॉजिटेकचा जी३३५ हे तिन्ही वायरचे, हलके स्टीरिओ सेट आहेत. एरवी हे तुमच्या बजेटच्या वर असू शकतात, सेलमध्ये कधी जवळ येतात. किमती महिन्यागणिक हलतात, त्या दिवशीची बघा. जी३३५ च्या गाद्या कापडी आहेत, म्हणून कूलरच्या खोलीसाठी तो माझ्या यादीत तिसरा. बजेटच्या आत कॉस्मिक बाइट, रेड्रॅगन, अँट ईस्पोर्ट्स यांचे साधे स्टीरिओ सेट मिळतील. यांची एकेका मॉडेलची गुणवत्ता वर-खाली असते, म्हणून बर्डीवर दोन-तीन दुकानांत घालून, माइक रेकॉर्ड करून घ्या. दुकानात पाचशे रुपये जास्त पडले तरी चालेल, पण वॉरंटीचं पक्कं बिल घ्या. ऑनलाइन मागवलात तर परत करायची मुदत पहिल्या दिवसापासून मोजा.

घरी आणल्यावर त्याच रात्री हे करा. डावा-उजवा तपासा, उलटा घातलेला सेट महिनोन्‌महिने तसाच वापरणारे लोक आहेत. एखादं मोनो भाषण लावा. आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये आला पाहिजे, एका बाजूला सरकत असेल तर ड्रायव्हर सारखे नाहीत. मंद गाणं लावून वायर जॅकपाशी आणि कपापाशी हळूच वाकवा, खरखर झाली तर परत करा. मग कूलर पूर्ण स्पीडवर लावून मित्राशी पाच मिनिटं बोला.

आवाजाची पातळी मात्र कूलर बंद असताना ठरवा आणि त्या आकड्यावर खूण करून ठेवा. कूलर चालू झाला की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो आणि लक्षातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास आहे; ९० डेसिबलला तीच ४ तासांवर येते, म्हणजे तुमच्या एका शनिवारच्या रात्रीत संपते. पावलं ऐकू येईनात तर व्हॉल्यूम वाढवण्याऐवजी कूलरचा स्पीड एक घर खाली करा आणि पंप चालूच ठेवा. ओल्या खसावरून हळू येणारी हवाही रात्री पुरेशी गार असते.